कॉलेज की प्रॅक्टिस?



नव्या डॉक्टर मुली मला विचारतात, ‘मॅडम, कॉलेजात राहू की प्रॅक्टिस करू?’ मी उलट विचारते, ‘दवाखान्याची जागा कुणाच्या नावावर असणार?’ मुली हसतात. मीही त्या वयात हसले असते.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. एम.डी. झाल्यावर एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात व्याख्याता झाले. आता त्या पदाला सहाय्यक प्राध्यापक म्हणतात. खाजगी प्रॅक्टिसला बंदी, त्याबद्दल व्यवसायरोध भत्ता. पगार बेताचा, पण माझ्या खात्यावर. थोरलीच्या वेळी भरपगारी रजा मिळाली. स्वर्ग नव्हता तो. बढतीला शोधनिबंध लागत, ते रात्री मुलीला झोपवून लिहायचे. पुरुष सहकाऱ्यांना तेव्हा ताट वाढून मिळत असे. पण वॉर्डात विद्यार्थ्यांना घेऊन उभी राहिले की मी कुणाची बायको नसे.

1996 साली लांब बदली झाली. घरात कुणी ‘नोकरी सोड’ म्हटलं नाही. ‘तुझं तू ठरव’ म्हणाले. मुलगी दुसरीत, ह्यांचा दवाखाना गावातला. मी ठरवलं!

सासऱ्यांच्या जागेत दहा खाटांचं प्रसूतिगृह काढलं. रात्री-बेरात्रीची बाळंतपणं, सिझेरियन माझ्याकडे. नोंदणी ह्यांच्या नावावर, कर्जाच्या कागदावर मात्र माझीही सही. धाकट्याच्या वेळी बाराव्या दिवशी ओपीडीत बसले. मालकीणबाईंना रजा कोण देणार?

हेही सोसलं असतं. पण सोनोग्राफी मशीन आलं आणि मुलगा की मुलगी विचारणारे येऊ लागले. लिंगनिदानाविरुद्ध राज्यात 1988 मध्ये आणि देशात 1994 मध्ये कायदा झालेला. मी प्रत्येकाला परत पाठवी. एका संध्याकाळी सासरे शांतपणे म्हणाले, ‘मग मशीनचा हप्ता कोण भरणार?’ कॉलेजात मला हा प्रश्न कुणी विचारू शकलं नसतं. इथे विचारता आला, कारण मी त्यांच्या जागेत बसले होते.

दोन महिने घरात अबोला होता. शेवटी भागीदारीचा करार झाला, निम्मा हिस्सा माझा, मशीनबाबतचा निर्णय फक्त माझा. ह्यांनी सही केली, खुशीने नव्हे.

म्हणून सांगते, कॉलेज सोडायचं तर सोडा, पण राजीनाम्याआधी करार करा. त्यात काय लिहून घ्यायचं, ते आपली वकील मैत्रीण दुपारी सांगणार आहे. वह्या घेऊन बसा.