दोनशिक्षकी शाळा आणि माँटेसरीचा धडा

(कारधा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्र शिकविण्यात माझी उमेदीची सारी वर्षे गेली. तेव्हा बालशिक्षणावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. मागणी-पुरवठ्याच्या रेषा बिनचूक काढणारे विद्यार्थी मी पदव्युत्तर वर्गात पाहिले. त्यांतल्याच एखाद्या धानउत्पादकाच्या मुलाला घरच्या शेतीचा एकरी खर्च मांडायला सांगितला, की तो वहीत उत्तर शोधू लागे. दोष त्याचा नव्हता. हातातली वस्तू आणि डोक्यातली संख्या यांचा संबंध पहिल्या इयत्तेतच तुटलेला होता, आणि मीही तो कधी जोडून दिला नाही. आजचे बोलणे त्या चुकीच्या जाणिवेतून आहे.

वीसपेक्षा कमी पट असलेल्या सरकारी शाळा एकत्र करून समूहशाळा काढाव्यात, हा विचार २०२३ मध्ये आपल्या राज्यात पुढे आला. त्याच्या समर्थनार्थ दोन मुद्दे मांडले जातात. पहिला खर्चाचा. त्याला आपण उत्तर देतो: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा मुलाच्या घराजवळ असणे हा हक्क ठरविला आहे, शाळा दूर गेली की प्रथम घरी बसते ती मुलगी. दुसरा मुद्दा मात्र आपण टाळतो. एक शिक्षक दोन-दोन इयत्ता सांभाळतो, तेथे कोणत्याच इयत्तेचे शिकणे धड होत नाही, असे म्हटले जाते. आणि खाजगीत आपणही ते मान्य करतो. म्हणून तर आपल्यापैकी अनेकांची मुले शहरातल्या शाळेत जातात!

या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर माँटेसरीबाईंच्या कामात आहे, असे माझे म्हणणे आहे.

आज गावोगावच्या पाट्यांवर ‘माँटेसरी’ हे नाव दिसते आणि त्याचा अर्थ गणवेश, इंग्रजी आणि फी एवढाच उरला आहे. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडले, हे पाटी रंगविणाऱ्याला ठाऊक नसते. आईबाप कामावर गेले की जिन्यांवर हुंदडणारी ती मुले होती. पद्धत जन्मली गरिबाच्या खोलीत आणि बंगल्यात राहावयास गेली. आपण तिला परत मागितले नाही.

प्राथमिक शाळेपुरते पाहावयाचे तर या पद्धतीचे मर्म तीन गोष्टींत आहे. पहिली, साधन. एक सुटा मणी. दहा मण्यांची एक तार. दहा तारांचा चौकोन म्हणजे शंभर. दहा चौकोनांचा घन म्हणजे हजार. हजार एकापेक्षा किती मोठे, हे मुलाला सांगावे लागत नाही. तो घन उचलताना हाताला कळते. दुसरी, चूक ओळखण्याची सोय. साधनाची रचनाच अशी, की चुकले तर शेवटी काही उरते किंवा बसत नाही. गुरुजींनी लाल रेघ ओढण्याआधीच मूल स्वतः थबकते. तिसरी, गती. सहा ते नऊ वर्षांची मुले एका खोलीत असतात. शिक्षक तीन-चार जणांना थोडा वेळ पाठ देतो. बाकीची आपापल्या कामात गढलेली असतात. लहान मूल मोठ्याचे पाहून शिकते, आणि मोठे मूल लहानाला समजावताना आपले ज्ञान पक्के करते.

आता आपल्या दोनशिक्षकी शाळेकडे पाहा. वेगवेगळ्या वयाची मुले एका खोलीत बसतात म्हणून आपण जिला अपुरी म्हणतो, तिच्यात या पद्धतीची पहिली अट आपोआप पुरी झालेली आहे! उणीव आहे ती साधनांची, शिक्षकाच्या तयारीची आणि त्याच्या मोकळ्या वेळेची.

हे परदेशी खूळ नव्हे. बाई १९३९ मध्ये मद्रासच्या अड्यारला आल्या. महायुद्धात इटली शत्रुराष्ट्र ठरल्याने त्यांच्यावर निर्बंध आले. पुढे कोडाईकनालच्या मुक्कामात सहा ते बारा वयोगटाच्या शिक्षणाचा बराचसा विचार आकाराला आला. म्हणजे या पद्धतीचा प्राथमिक भाग भारतीय मातीत वाढलेला आहे. महाराष्ट्रात तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्याही पुढचे पाऊल टाकले. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने, खडे आणले. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामाने देशाला दिला.

१९४५ हेच साल आणि तोच डहाणू-उंबरगावचा पट्टा आपल्याला आणखी एका कारणाने आठवतो. त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. चळवळीच्या इतिहासात आपण हा लढा शिकवितो. शेजारची बालवाडी शिकवीत नाही. वेठ मोडल्यावर मोकळे झालेले हात काय शिकणार, हा प्रश्न आपण शिक्षणतज्ज्ञांवर सोडून दिला.

तो इथे कारध्यात कसा सोडविता येईल? भंडारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आई विड्या वळते. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार, आणि मजुरी हजारावर. मुलांनी विड्या वळाव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. पण चिंचोक्यांचे पंचवीस-पंचवीसचे ढीग करून चाळीस वेळा मांडणाऱ्या मुलीला गुणाकार कळेल. आणि नापसंत म्हणून वगळलेल्या विड्यांपायी आईची मजुरी किती कापली गेली, हेही तिला काढता येईल.

पुलाजवळ वैनगंगेची पातळी मोजली जाते. कारध्याची धोक्याची पातळी २४५.५० मीटर. पाणी २४५.४५ वर आहे आणि धोका २४५.५ वर, असे फळ्यावर लिहा आणि मोठे कोणते ते विचारा. पुष्कळ मुले पंचेचाळीसवाली संख्या मोठी म्हणतील. मग सेंटिमीटरच्या खुणा केलेली कागदी पट्टी भिंतीवर चिकटवून मुलालाच दोन्ही पातळ्या दाखवू द्या. पूर आणि घर यांच्यामध्ये पाच सेंटिमीटर अंतर उरले आहे, हे कळणे म्हणजे दशांश अपूर्णांक कळणे होय.

एक आक्षेप आपल्यातूनच येतो. ज्याची त्याची गती म्हटले की वशिल्याचा पुढे आणि गरिबाचा मागे, ही विषमताच नव्हे का? मी उलट विचारतो: सर्वांना एकाच दिवशी एकच पान, यात कोण मागे पडतो? पेरणीच्या दिवसांत आठ दिवस घरी राहिलेले मूल! पान पुढे गेलेले असते. त्याला कोणी थांबून घेत नाही. गतीचे स्वातंत्र्य श्रीमंताला शिकवणीच्या रूपाने विकत मिळते. ते गरिबाला शाळेतच मिळावे, ही समतेचीच मागणी आहे. मुसोलिनीच्या राजवटीने प्रथम या शाळांना आश्रय दिला आणि १९३४ च्या सुमारास दोघांचे बिनसले, यात नवल नाही. स्वतःची चूक स्वतः तपासणारे मूल हुकुमाच्या उपयोगाचे नसते.

मात्र केवळ साधने वाटून हे होणार नाही. शिक्षक सर्वेक्षणात आणि माहिती भरण्यात अडकलेला असेल, अंगणवाडीताईला मानधनावरच राबविले जाणार असेल, तर मणी पेटीतच राहतील. साधनांची मागणी आणि या माणसांची मागणी आपण एकत्रच केली पाहिजे.

शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. आपल्यापैकी किती जण तिच्या बैठकीला बसतात? पुढच्या बैठकीला जा. छपराबद्दल विचारा, पटाबद्दल विचारा. आणि त्यानंतर वर्गात जाऊन खाली सतरंजीवर बसा. मुलांच्या हातात काय आहे, ते पाहा. हात रिकामे असतील, तर उद्या शाळा वाचविण्यासाठी मोर्चा काढताना आपल्या बोलण्यातही तेवढीच पोकळी राहील.