पॉइंट बत्तीस म्हणजे नेमकं कोणतं?

मी चिखलीचा. एवढं म्हटलं की परगावचा माणूस हमखास विचारतो, "बुलढाण्याची?" मग सांगावं लागतं, नाही हो, पिंपरी-चिंचवडची, मोशीच्या शेजारची. गावाच्या नावातला घोटाळा फार तर एखादं पत्र उशिरा पोचवतो. काडतुसाच्या नावातला घोटाळा माणसाचा हात नेऊ शकतो.

वर्तमानपत्रात रिव्हॉल्वर आणि पिस्तूल हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. 'पॉइंट बत्तीस'चं रिव्हॉल्वर असतं, तसं पिस्तूलही असतं. आकडा एकच, काडतुसं मात्र दोन जातींची. कानपूरला बनणाऱ्या सरकारी .३२ रिव्हॉल्वरला लागतं ते 'स्मिथ अँड वेसन लाँग', १८९६ सालचं. त्याची पुंगळी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास, बुडाला रुंद कडा. पिस्तुलाचं काडतूस ब्राउनिंगचं. पुंगळी सव्वासतरा मिलिमीटर, कडा जेमतेम, आणि आतला दाब जास्त. त्यालाच युरोपात '७.६५' म्हणतात. म्हणजे बातमीतलं '७.६५ एमएम' आणि '.३२ पिस्तूल' यांचं काडतूस एकच! कवितेत एका शब्दाला चार अर्थ असले तर आम्ही खूश होतो. दारूगोळ्याच्या दुकानात ती चैन परवडत नाही.

गंमत पुढेच आहे. कोल्ट कंपनीला प्रतिस्पर्ध्याचं नाव आपल्या रिव्हॉल्वरवर नको होतं. तिने त्याच लाँग काडतुसाला 'कोल्ट न्यू पोलीस' म्हटलं. पण '.३२ लाँग कोल्ट' हे आणखी वेगळंच काडतूस!

पिस्तुलाचं आखूड काडतूस काही रिव्हॉल्वरच्या घरात जाऊन बसतं. बसलं म्हणजे चाललं, असं नव्हे. जुन्या, झिजलेल्या रिव्हॉल्वरला तो दाब सोसेलच असं नाही. आमच्या पट्ट्यात लेथवरच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. गेजची 'गो' बाजू आत गेली पाहिजे आणि 'नो-गो' बाजू अडली पाहिजे, तेव्हा पार्ट पास.

अमेरिकेत १९३५ मध्ये '.३५७ मॅग्नम' निघालं, तेव्हा हीच युक्ती केली होती. '.३८ स्पेशल'ची गोळीही प्रत्यक्षात .३५७ इंचाचीच, अडतीस हा आकडा जुन्या पद्धतीच्या गोळ्यांपासून चिकटून राहिलेला. नवं काडतूस फार जोरकस. म्हणून पुंगळी तीन मिलिमीटरहून थोडी लांब केली, म्हणजे ते .३८ च्या घरात पुरतं शिरूच नये. उलट .३८ स्पेशल मात्र .३५७ च्या रिव्हॉल्वरमध्ये चालतं.

आपल्या .३२ ला असा पक्का अडसर नाही. तेव्हा परवानाधारकाने दुकानात नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नये. नळीवर कोरलेलं पूर्ण नाव वाचावं, पाकिटावरचं वाचावं, काडतुसाच्या बुडावरचंही वाचावं. खडकीच्या कारखान्याची, तो १८६९ पासूनचा, 'केएफ' ही खूण तिथे दिसेल. 'के' किर्कीचा, म्हणजे इंग्रजांच्या तोंडच्या खडकीचा. पण ती खूण कारखाना सांगते, जात नाही. नळीवरची अक्षरं पुसट झाली असतील, तर आधी परवानाधारक कारागिराकडून घर मोजून घ्यावं, काडतुसं मग.