परदेशातील एका जुन्या घराची डागडुजी
(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



परदेशी राहणाऱ्या सभासदांनी दोन शब्द बोलावेत असा आपल्या चिटणिसांचा आग्रह पडला, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्हां उभयतांस प्रश्नच पडला होता. प्रवासवर्णने आपण पुष्कळ ऐकली असतील. परंतु आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या चुनेगच्ची भिंतींचा गिलावा खरवडून तेथे सिमेंट लावण्याची योजना मंडळापुढे आहे, असे यंदाच्या अहवालात वाचले, आणि विषय आपोआप ठरला. इंग्लंडात लेस्टर शहरी एका जुन्या घराची डागडुजी करताना आम्ही जी चूक केली, तीच येथे होऊ घातली आहे, असे आम्हांस भय वाटते.

हे घर आम्ही २०१६ साली घेतले. दर्शनी दगडावर १८९४ हे साल कोरलेले आहे. तिकडे अशी घरे ओळीने, एकमेकांस चिकटून बांधलेली असतात. मधली भिंत दोघांची. तिला हात लावावयाचा तर १९९६ च्या कायद्यान्वये शेजाऱ्यास आगाऊ लेखी सूचना द्यावी लागते. (आपल्याकडील भाऊबंदकीत असा कायदा असता तर किती वकील उपाशी राहिले असते!) भिंती नऊ इंच जाडीच्या, भरीव विटांच्या, सांधे चुन्याचे. छपरावर वेल्समधील पाटीचा दगड. तळमजल्याची जमीन लाकडी फळ्यांची असून तिच्याखाली पोकळी ठेवलेली, आणि त्या पोकळीत वारा खेळावा म्हणून भिंतीच्या पायथ्याशी भोकांच्या विटा बसविलेल्या. या रचनेचा अर्थ मात्र आम्हांस फार उशिरा कळला.

उत्तरेकडील खोलीत आमच्या मुलीचा पलंग होता. पहिल्याच हिवाळ्यात त्या भिंतीवर काळी बुरशी धरली आणि मुलीचा खोकला हटेना. एका कंत्राटदारास बोलाविले. त्याने भिंतीस एक यंत्र लावून पाहिले आणि जमिनीतील ओल वर चढते आहे असा निर्वाळा दिला. भिंतीत ओळीने भोके पाडून औषध भरावयाचे, जुना गिलावा काढून सिमेंटचा करावयाचा, वर पाणी न शिरणारा रंग द्यावयाचा. खर्च चार हजार पौंड. आम्ही त्याच संध्याकाळी सही केली. दोष कंत्राटदाराचा असेल, तितकाच आमच्या घाईचाही आहे.

काही महिने भिंत कोरडी दिसली. पुढील हिवाळ्यात ओलीचे डाग पूर्वीपेक्षा हातभर वर उमटले. गिलावा ठोकला की पोकळ वाजे. बाहेर विटांचे पापुद्रे गळू लागले. मुलीचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवा, असे डॉक्टरांनी सांगितले.

२०१८ च्या उन्हाळ्यात आमच्या मातोश्री सहा महिन्यांसाठी आल्या. इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांचा बराचसा वेळ मागल्या अंगणात जाई. एके दिवशी त्यांनी विचारले, "अरे, या घराचं जोतं कुठं गेलं?"

आम्ही पाहू लागलो. पूर्वीच्या मालकाने अंगणात काँक्रीट ओतून ते थेट भिंतीस भिडविले होते. जोते बुडाले होते आणि भोकांच्या विटाही त्याखाली गाडल्या गेल्या होत्या. शिवाय पागोळीचे पाणी उतरविणाऱ्या नळाचा सांधा निखळून पाणी नेमके त्याच भिंतीवर ओघळत होते. दोन वर्षांत आम्ही एकदाही मान वर करून तिकडे पाहिले नव्हते!

पुढे चुन्याचे काम जाणणारा एक वृद्ध गवंडी मिळाला. त्याने समजावून दिले ते असे. पोर्टलंड सिमेंटचा परवाना जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ सालीच घेतला होता. तथापि साधी घरे त्यानंतरही बराच काळ चुन्यातच बांधली जात. चुना सच्छिद्र असतो. पावसात भिंत थोडे पाणी पिते आणि वारा सुटला की चुन्याच्या वाटे ते परत देते. सांधे सिमेंटने बुजविले की ही वाट बंद होते. पाणी विटेत अडकते, थंडीत गोठून फुगते आणि विटेचा दर्शनी भाग फोडून काढते. आपल्याकडे गोठण्याचे भय नाही, परंतु अडकलेले पाणी क्षार घेऊन पृष्ठभागी येते आणि भिंतीस लोणा लागतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

भिंतीलगतचे फूटभर काँक्रीट फोडून खडी भरली, नळ दुरुस्त केला, सांध्यांतील सिमेंट छिन्नीने हळूहळू काढले. यंत्राने काढल्यास विटांच्या कडा तुटतात. मग थांबावे लागले. कडाक्याच्या थंडीत चुना धरत नाही, म्हणून २०१९ चा एप्रिल उजाडेपर्यंत भिंत उघडीच होती. नंतर बकऱ्याचे केस मिसळलेल्या चुन्याचे तीन थर, प्रत्येक थरामागे काही आठवडे, आणि तो फार लवकर सुकू नये म्हणून वर ओली गोणपाटे. दूरध्वनीवरून हे ऐकताना मातोश्रींना त्यांच्या माहेरच्या अंगणातील बैलाने ओढावयाची चुन्याची घाणी आठवली. भिंत इंचाला एक महिना या हिशेबाने वाळते, असे गवंडी म्हणे. आमच्या भिंतीने त्याहून अधिकच घेतला.

जुन्या दारे-खिडक्यांचा रंग मात्र कोरडा घासू नये. त्यात शिसे असते, आणि त्याची धूळ लहान मुलांस घातक असते. हे आम्हांस वेळीच कळले, एवढे नशीब.

२०२० च्या अखेरीस मुलगी पुन्हा त्या खोलीत निजू लागली. खोकला पुष्कळ कमी झाला. तो सर्वस्वी भिंतीमुळेच होता असे डॉक्टर म्हणत नाहीत, आणि आम्हीही म्हणत नाही.

परवा आम्ही वसतिगृह पाहून आलो. पश्चिमेच्या भिंतीची ओल गच्चीच्या पन्हळीखालून सुरू होते आणि अंगणातील नवी फरशी जोत्याच्या वर चढली आहे. आम्ही इंजिनियर नव्हे, आणि नव्या बांधकामातील सिमेंटशी आमचे वैर नाही. मंडळास विनंती इतकीच, की गिलाव्यास हात लावण्यापूर्वी पन्हळ दुरुस्त करावी, भिंतीलगतची फूटभर फरशी उचलावी आणि एक पावसाळा वाट पाहावी. महिनाअखेरपर्यंत आम्ही येथेच आहोत. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही वसतिगृहाच्या अंगणात असू. ज्या सभासदांस प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे, आणि कोणाकडे चांगली पहार असल्यास ती बरोबर आणावी.