मुलापाशी बसणारा प्राध्यापक

अधिवेशनासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या विशेष शिक्षक भगिनींनो व बंधूंनो,

सिद्धरामेश्वरांच्या या सोलापूर नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. आपल्यापैकी कित्येकजण रात्रभर एसटीने प्रवास करून थेट मंडपात आले आहेत. दुपारच्या पंगतीला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहे. काही कमी पडले तर हक्काने मागून घ्या. स्वागताध्यक्षाने गावचा इतिहास सांगावा असा प्रघात आहे. आमचा इतिहास अभिमानाने सांगावा असाच आहे आणि स्मरणिकेत तो सविस्तर आला आहे. माझ्या वाट्याचा वेळ मी एका प्राध्यापकांसाठी मागून घेतो. त्यांचे नाव सॅम्युअल कर्क. अध्ययन अक्षमता ही संज्ञा आज आपल्या तोंडी इतकी रुळली आहे, ती जगभर रूढ झाली ती या माणसामुळे.

कर्क यांचा जन्म १९०४ सालचा, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या रग्बी या लहानशा गावातला. घर शेतकऱ्याचे. वडिलांच्या शेतावरच्या गड्यांना हा मुलगा रात्री वाचायला शिकवत असे. पुढे शिकागो विद्यापीठात मानसशास्त्र शिकत असताना शहराजवळच्या ओक फॉरेस्ट येथील एका निवासी शाळेत त्यांनी काम धरले. गुन्ह्यांत सापडलेली, मंदबुद्धी ठरवलेली मुले तिथे ठेवली जात. एका मुलाच्या कागदपत्रांत त्यांना ‘शब्दांध’ असा शेरा दिसला. मानसशास्त्राच्या वर्गात हा शब्द त्यांच्या कानावर कधी पडला नव्हता. मुलगा दहा वर्षांचा, बुद्ध्यांक ८२, आणि वाचता एक अक्षर येत नव्हते. त्याच कागदांत हिन्शेलवुड यांच्या शब्दांधत्वावरच्या पुस्तकाचा, मॅरियन मन्रो यांच्या प्रबंधाचा आणि ग्रेस फर्नाल्ड यांच्या अक्षरे गिरवून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीचा उल्लेख होता. कर्क यांनी ते सगळे वाचून काढले आणि त्या मुलाला शिकवायचे ठरवले.

वेळ कुठला मिळणार? रात्री दिवे मालवले, मुले झोपली, की हा मुलगा अंथरुणातून हळूच उठून यायचा. दोन शयनगृहांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दारात दोघे बसायचे. हा वर्ग सात महिने चालला. त्या काळात मुलगा तिसरीच्या पातळीचे वाचू लागला आणि त्याची शाळेतून सुटकाही झाली. कर्क मग थेट मॅरियन मन्रो यांना जाऊन भेटले आणि निदानाची व उपचारात्मक अध्यापनाची रीत त्यांच्या हाताखाली शिकले. विशेष शिक्षणातल्या एका मोठ्या कारकिर्दीची पायाभरणी त्या दारात झाली, असे मी मानतो.

त्यानंतरचे टप्पे चरित्रकोशात सापडतात. १९३५ साली मिशिगन विद्यापीठाची पीएच.डी., मग मिलवॉकीच्या शिक्षक महाविद्यालयात अध्यापन, पुढे इलिनॉय विद्यापीठ आणि तिथली विशेष बालकांवर संशोधन करणारी संस्था. त्यातल्या एका कामापाशी मात्र थांबायला हवे. मंदबुद्धी ठरलेल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळेआधीच योग्य शिक्षण दिले तर काय होते, याचा अभ्यास त्यांनी केला आणि तो १९५८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. बुद्ध्यांक जन्मतः ठरतो आणि तिथेच थांबतो, असे त्या काळी बहुतेक विद्वान मानत. लवकर शिक्षण मिळालेल्या मुलांपैकी पुष्कळांची प्रगती झाली, आणि ज्यांना ते मिळाले नाही ती मुले मागे राहू लागली, असे कर्क यांना आढळले. आपल्या अंगणवाडीत बसलेल्या, न बोलणाऱ्या पोराकडे ‘मोठा झाला की बघू’ म्हणून काणाडोळा करणाऱ्या प्रत्येकाला हा अभ्यास दाखवला पाहिजे.

आता १९६३ सालाकडे येतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये शिकागोत पालकांची परिषद भरली. कुणाच्या मुलाच्या मेंदूला इजा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते, कुणाच्या मुलाला संवेदन नीट होत नाही म्हणून सांगितले होते. प्रत्येकाच्या हातात वेगळी चिठ्ठी, आणि शाळेत सगळ्यांची गत एकच. पालकांना संघटना उभारायची होती, तिला नाव हवे होते. कर्क यांनी भाषणात अध्ययन अक्षमता ही संज्ञा सुचवली. पण त्याच भाषणात त्यांनी नावांबद्दल पालकांना सावधही केले. नाव मिळाले की आपल्याला समाधान वाटते, मुलाला त्याने फारसे काही मिळत नाही, असे ते म्हणाले. मेंदूत कुठे बिघाड आहे हे कळून शिक्षकाला उद्याचा पाठ घेता येत नाही. मूल काय करू शकते, कुठे अडते, हे नेमके पाहिले तरच पाठ घेता येतो. पालकांनी संज्ञा उचलली, संघटना उभी राहिली. तो इशारा मात्र मागे राहिला, आणि आज मला आपल्यासमोर तोच मांडायचा आहे.

कर्क स्वतः तो इशारा विसरले नाहीत. मुलाची बलस्थाने आणि उणिवा वेगवेगळ्या मोजता याव्यात म्हणून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर इलिनॉयची मनोभाषिक क्षमता चाचणी तयार केली. ती खूप वापरली गेली. त्या चाचणीत दिसलेल्या उणिवांवर सराव घेऊन वाचन सुधारते का, हे हॅमिल आणि लार्सन या संशोधकांनी १९७४ साली तपासले, तेव्हा पुरावा तोकडा निघाला. यामुळे कर्क यांचे मोठेपण उणावते असे मला वाटत नाही. मुलाला वाचायला शिकवायचे तर वाचनच शिकवावे लागते, हे त्या रात्रीच्या वर्गाने आधीच दाखवले होते.

१९६८ साली कर्क यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अध्ययन अक्षमतेची व्याख्या केली आणि १९७५ च्या अमेरिकी कायद्यात ती बऱ्याच अंशी तशीच आली. दृष्टी, श्रवण वा बौद्धिक अक्षमता, किंवा प्रतिकूल परिस्थिती हे मागे पडण्याचे मुख्य कारण असेल, तर त्याला अध्ययन अक्षमता म्हणू नये, असे ती व्याख्या सांगते. सोलापुरात या कलमाला फार मोठा अर्थ आहे. आमच्या पूर्व भागात विणकर आणि विडी कामगारांची वस्ती आहे. पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात, काहींत कन्नड. मूल पहिलीत येते तेव्हा मराठी त्याच्या कानाला नवी असते. ते चुकत वाचते, आणि कुणीतरी चटकन म्हणते, ‘डिस्लेक्सिया असेल.’ याच वस्तीत खरोखर अध्ययन अक्षम असलेले मूलही बसलेले असते आणि त्याला ‘घरी भाषा वेगळी ना’ म्हणून सोडून दिले जाते. या दोघांना वेगळे ओळखणे हे आपले काम.

हे कसे पाहायचे, याचा एक नमुना आमच्याच शाळेतल्या एका बाईंच्या वर्गात मी पाहिला. मुलगी ‘किती’ हा शब्द लिहीत होती. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर. ‘सूर्य’मध्ये तर ‘र’ आधी ऐकू येतो आणि बसतो ‘य’च्या डोक्यावर. बाईंनी ताटात वाळू पसरली. मुलीने ‘क’ म्हणत ‘क’ गिरवला, मग इकार म्हणत वेलांटी काढली. वहीतला क्रम बाईंनी मुद्दाम मोडला आणि उच्चाराचा क्रम धरला. काही दिवसांनी क्रम उलटवून दाखवल्यावर मुलगी न अडखळता लिहू लागली. दुसऱ्या मुलाला हीच युक्ती लागू पडली नाही. त्याच्या मराठीचा शब्दसाठाच तोकडा होता, त्याला आधी गोष्टी ऐकवाव्या लागल्या. बाईंच्या टाचणवहीत दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत.

महाराष्ट्रात १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना सवलती मिळू लागल्या. त्याच वर्षी कर्क यांचे निधन झाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. मराठी मुलांसाठी डिस्लेक्सिया तपासणारी डाली ही चाचणीही आता उपलब्ध आहे. ही कमाई मोठी आहे, पालकांनी आणि आपण ती झगडून मिळवली आहे. पण अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी रुग्णालयाचे खेटे घालून दमलेले आईवडील जेव्हा विचारतात, ‘सर, आता शिकवणार कोण?’ तेव्हा जादा वेळ आणि लेखनिक ही उत्तरे त्यांना पुरत नाहीत.

म्हणून स्वागत समितीची एक विनंती आहे. आजच्या गटचर्चांत प्रत्येकाने आपल्या एका मुलाची टाचणवही पुढे ठेवून बोलावे: काय शिकवले, काय लागू पडले, काय पडले नाही. पूर्व भागातल्या शाळांमधल्या भगिनींना आधी बोलू द्यावे. या नोंदी एकत्र करून छापण्याचा खर्च समितीने उचलला आहे. आता अध्यक्षांनी दीपप्रज्वलन करून अधिवेशनाचे उद्घाटन करावे, अशी मी त्यांना विनंती करतो.