नवा विचार आणि घरचा शब्द
(वार्षिक संमेलनात कल्याण येथे दिलेले भाषण)



मजसारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकास आपण येथे बोलावयास उभे केलेत, याबद्दल कार्यकारी मंडळाचा मी ऋणी आहे. अडतीस वर्षे हाती खडू धरला. तरी एक गोष्ट मला अजून नीट साधलेली नाही. ऐकणाऱ्याने जे पूर्वी कधी ऐकलेले नाही, ते समोरासमोरच्या बोलण्यातून त्याच्या मनात उतरविणे, ती ही गोष्ट. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी प्रत्यक्ष अर्जुनाचीही तक्रार आहे की, आपल्या संमिश्र बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते, काय ते एक निश्चित सांगा. तेथे सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण! मग आपली काय कथा?

मराठीत हा संवादाचा मार्ग चिकाटीने चोखाळला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही. त्यात कुणबी जोडपे आहे, जोशी आहे, पाद्री आहे आणि मधून मधून बोलणारा विदूषक आहे. मला वाटते, हा विदूषक तेथे उगाच आलेला नाही. कुणबी आणि जोशी यांच्या बोलण्यातून फसवणूक दिसते. पण विद्येचा नवा विचार कुणब्याला ठाऊक नाही आणि जोशाला नको आहे. तो बोलावयास तिसरे तोंड लागले.

१८७३ च्या ‘गुलामगिरी’त दोघेच बोलतात, जोतीराव आणि धोंडिबा. धोंडिबाच्या शंका पुष्कळदा जोतीरावांना पुढची वाट करून देण्यापुरत्याच असतात, हे आदरपूर्वक का होईना, म्हणावे लागेल. खरा श्रोता इतका सोयीचा नसतो. परंतु त्याच पुस्तकात जोतीरावांनी बळीराजाला हाती घेतले. सणावाराच्या ओवाळणीत आपल्या आयाबहिणी ज्याचे राज्य मागत आल्या, तोच हा बळी. विचार नवा, शब्द घरचा.

हे मला फार उशिरा कळले आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली. आपल्या शिक्षणनिधीत मी एक सुधारणा सुचविली होती. नोकरी लागल्यावर मुलाने घेतलेली रक्कम जमेल तशी निधीत भरावी, म्हणजे ती पुढच्या मुलाला मिळेल. व्याज नाही, तारण नाही. मुरबाड तालुक्यातून डोंबिवलीस आलेल्या एका विधवा भगिनीस मी हे तासभर समजाविले. ‘परतफेड’ हा शब्द किती वेळा उच्चारला असेन! त्या मान डोलावीत होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज मागे घेतला, आणि मुलीचा नर्सिंगचा प्रवेश त्या वर्षी हुकला. मान डोलली म्हणजे समजले, असे वर्गातही मी किती वर्षे मानीत आलो होतो, कोण जाणे.

काही महिन्यांनी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. या वेळी बोललो थोडे, विचारले पुष्कळ.

“गुरुजी, सावकाराचं फेडता फेडता आमचं शेत गेलं. पोरीच्या डोक्यावर कर्ज नको.”

“वहिनी, हे पैसे आम्हांला नकोत. तुमच्या मुलीमागून जी मुलगी येईल, तिच्यासाठी आहेत.”

त्या जरा थांबल्या. “म्हणजे सावड म्हणा की! लावणीला आज सगळे आमच्या शेतात, उद्या आम्ही दुसऱ्याच्या. ते काही कर्ज नव्हे.”

शेतीतील सावड फिरून आपल्या दारी येते, निधीतील पुढेच जाते, एवढाच फरक मला सांगावा लागला. तो एका वाक्यात सांगून झाला.

मुलीचा प्रवेश पुढील वर्षी झाला. अर्जाच्या छापील नमुन्यात मात्र अजून ‘परतफेड’च आहे. ‘सावड’ हा शब्द खेडवळ दिसतो, हिशेबतपासनिसांस कळणार नाही, असे समितीतील काही सभासदांचे म्हणणे पडले. उद्याच्या सर्वसाधारण सभेत तो ठराव मी पुन्हा मांडणार आहे.