अवकाशातील डेटा सेंटर



डेटा सेंटर म्हणजे अहोरात्र चालणाऱ्या हजारो संगणकांची कोठी. तिला वीज हवी आणि तिची उष्णता बाहेर काढावयास हवी. ही कोठी अवकाशात न्यावी असा विचार आज बळावला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘स्टारक्लाउड’ या अमेरिकन कंपनीने त्यासाठी एक उपग्रहही वर धाडला. तेथे ऊन मुबलक आहे: दर चौरस मीटरला सुमारे १३६० वॅट!

“आणि गारठाही आहेच की!” असे आपण म्हणाल. येथेच गफलत होते. घरातला थर्मास आठवा. त्यात चहा गरम राहतो तो दोन भिंतींमधील निर्वातामुळे. अवकाश हा असाच एक अफाट थर्मास होय. तेथे वारा नाही, पाणी नाही. उष्णता जाणार ती केवळ प्रारणाने. २७ अंश सेल्सियसचा एक चौरस मीटर काळा पत्रा एका बाजूने फार तर ४६० वॅट टाकतो. म्हणजे १०० मेगावॅटच्या केंद्राला, दोन्ही बाजू जमेस धरूनही, सुमारे २७ एकर पत्रा लागेल. पत्रा अधिक तापू दिला तर तो लहान चालेल. पण मग चिपांना तो ताप सोसावयास हवा.

तेव्हा मनाई निसर्गनियमांची नाही. अडचण आहे ती वजनाची. कोणी अवकाशातील स्वस्ताई सांगू लागला, तर आपण एवढेच विचारावे: पत्रा किती, आणि तो वर नेण्याचे भाडे किती?