रजेचा अर्ज

मी एम.डी. करीत होतो तेव्हाची गोष्ट. गावाकडे आजी गेली. रजा मागायला गेलो, तर सर म्हणाले, "पेशंट कोण बघणार?" मी थांबलो. सलग ३६ तास जागा होतो. त्या रात्री इंजेक्शनचा डोस चुकणारच होता. सिस्टरनी वेळीच हात धरला.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या नियमांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाकाठी किमान २० दिवस पगारी रजा आहे. कामाची निकड पाहून आठवड्याला एक सुट्टीही.

आता असे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. पेशंट कोण बघणार, हा प्रश्न खराच आहे. पण त्याचं उत्तर मी शोधायचं, त्या पोरानं नव्हे. म्हणून आधी सही करतो, मग ड्युटीचा तक्ता मांडतो.